पॉयझन आयव्हीचं पान खाल्लं तर अंगाला त्याची सवय होते का?

एप्रिल-मे महिन्यात अमेरिकेच्या पूर्व भागात रानाला पालवी फुटते, तेव्हा पॉयझन आयव्हीच्या वेलीलाही फुटते. तांबूस, तुकतुकीत, तीन-तीनच्या झुबक्यात आलेली कोवळी पानं. यातलं एक इवलंसं पान ब्रेडमध्ये गुंडाळून रोज गिळायचं, काही आठवडे नेम चुकवायचा नाही, मग उन्हाळाभर त्या वेलीत लोळलात तरी अंगावर पुरळ उठत नाही, असा तोडगा तिथे पिढ्यानपिढ्या सांगितला जातो. कुणी पान खायला घाबरत असेल तर त्याच्यासाठी दुसरा उपाय तयार असतो: ही वेल चरलेल्या शेळीचं दूध प्यायचं, नाहीतर तिच्या फुलांवरचा मध खायचा.

खाऊ नका, हे आधीच सांगून टाकते. पण 'अडाणी लोकांच्या समजुती' म्हणून हा विषय झटकून टाकण्यासारखाही नाही. या तोडग्यामागे जे तत्त्व आहे ते शास्त्राने प्रयोगशाळेत सिद्ध केलेलं आहे. चुकते ती वेळ. ज्याला या उपायाची गरज वाटते, त्याच्यासाठी तो बहुतेक वेळा उशिराच आलेला असतो.

आधी वेलीची ओळख करून घेऊ, कारण न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात नवं घर घेतलेल्या आपल्या मंडळींची हिच्याशी पहिली भेट मागच्या अंगणातल्या कुंपणापाशीच होते. एका देठाला तीन पानं. मधल्या पानाचा देठ लांब, बाजूची दोन जवळपास बिनदेठाची. कडा कधी सरळ, कधी एखाददुसरी खाच असलेल्या. झाडावर चढली की जाड वेलीला तपकिरी केसाळ मुळ्या फुटतात आणि ती खोडाला सुंभ गुंडाळल्यासारखी दिसते. शरद ऋतूत पानं लालभडक होतात, नंतर पांढुरकी फळं राहतात. हिवाळ्यात पानं झडलेली असली तरी नुसत्या वेलीला हात लावणं तेवढंच महागात पडतं. पश्चिमेला कॅलिफोर्नियाच्या बाजूला हिची बहीण पॉयझन ओक झुडपासारखी वाढते, आणि रानातल्या वणव्यांशी झुंजणारे तिथले कर्मचारी तिच्यापायी दरवर्षी बेजार होतात.

ओळखीची एक जुनी युक्ती आहे. पांढरा कागद दुमडून त्यात पान धरायचं, हात न लावता दगडाने ठेचायचं. कागदावर उतरलेला चीक आधी पिवळट, मग तपकिरी आणि काही मिनिटांत काळा पडतो. बिब्ब्याने कपड्यावर केलेली धोब्याची खूण ज्याने पाहिली आहे त्याला हा काळा रंग लगेच ओळखीचा वाटेल. तो योगायोग नाही. पॉयझन आयव्ही, बिब्बा, काजू, आंबा, चारोळी ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर पुरळ उठायचं. कारण शोधलं तेव्हा निघालं, की धोब्याने कपड्याच्या आतल्या बाजूला बिब्ब्याची खूण केली होती आणि खूण अंगाला लागत होती बरोबर तिथेच पुरळ होतं.

पॉयझन आयव्हीच्या चिकातल्या तेलाला उरुशिऑल म्हणतात. मिठाच्या एका कणाएवढंही लागत नाही. ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तेलाने बहुतेक प्रौढांना पुरळ येतं. गंमत अशी की नावात 'पॉयझन' असलं तरी हे विष नव्हे. तेल स्वतः कातडी जाळत नाही. ते कातडीत मुरतं, तिथे त्याचं रूप बदलतं आणि ते आपल्याच त्वचेतल्या प्रथिनांना घट्ट चिकटून बसतं. आता ही प्रथिनं शरीराला परकी दिसू लागतात. त्वचेतल्या पहारेकरी पेशी त्यांचा नमुना जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन तिथल्या टी-पेशींना, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. या टी-पेशी त्याची कायमची नोंद ठेवतात. पहिल्या वेळी ही नोंद तयार व्हायला एक ते तीन आठवडे जातात, तोवर तेल निघूनही गेलेलं असतं. म्हणून पहिल्यांदा अनेकांना काहीच होत नाही आणि 'मला नाही बुवा चढत हे' असं वाटायला लागतं. पुढच्या वेळी मात्र एक ते तीन दिवसांत टी-पेशी त्या जागेवर तुटून पडतात: लाल रेघा, सूज, पाण्याचे फोड, झोप उडवणारी खाज. दोन-तीन आठवडे हा खेळ चालतो.

'पॉयझन आयव्हीविरुद्ध प्रतिकारशक्ती वाढवायची' असं म्हटलं जातं, ते इथे उलटं पडतं. पुरळ हीच प्रतिकारशक्ती आहे. ती जरुरीपेक्षा जास्त तत्पर झाली म्हणून तर फोड आले. तिला वाढवायचं नाही, तर या एका तेलापुरतं गप्प बसायला शिकवायचं आहे. त्यामुळे लसीची उपमा इथे लागू पडत नाही. थोडं थोडं तेल अंगाला लावून 'सवय' करायला जाल तर बहुधा उलटच होईल, टी-पेशींची उजळणी होईल.

मग गिळायचा सल्ला कुठून आला? कारण आतड्याचा स्वभाव कातडीपेक्षा वेगळा आहे. रोज पोटात किती परके पदार्थ जातात, त्या प्रत्येकाशी शरीर भांडत बसलं तर जगणं अशक्य होईल. म्हणून तोंडावाटे आलेल्या गोष्टींकडे शरीर सहसा कानाडोळा करतं. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या मेरिल चेस यांनी याचा फार सुंदर प्रयोग केला. कातडीला लावलं की हमखास ॲलर्जी होईल असं एक रसायन त्यांनी गिनिपिगना आधी खाऊ घातलं, आणि नंतर तेच रसायन कातडीला लावून ॲलर्जी आणायचा प्रयत्न केला. आधी खाल्लेल्या बऱ्याच प्राण्यांना ती झालीच नाही. लोक पान गिळायला सांगत होते त्यामागचं तत्त्व हेच.

पण 'आधी' हा शब्द नीट वाचा. ज्या शरीराने उरुशिऑल कधी पाहिलं नाही त्याला खाऊ घालून शांत ठेवता येतं. ज्याच्या टी-पेशींनी एकदा नोंद करून ठेवली आहे, त्याची नोंद खाण्याने पुसली जात नाही, फार तर थोडी फिकी होते, तीही तात्पुरती. गावात एकदा चोरी करताना पकडला गेलेला माणूस दुसऱ्या वर्षी पाहुणा म्हणून जेवायला आला तर लोक त्याला कसे वागवतील, तसंच आहे हे. आणि पान खायची बुद्धी होते कुणाला? मागच्या उन्हाळ्यात ज्याच्या हातापायांवर फोड आले होते त्यालाच.

डॉक्टरांनी हे करून पाहिलं नाही असं मुळीच नाही. १९१९ मध्ये फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ जे शॅम्बर्ग यांनी वेलीच्या अर्काचे थेंब पाण्यातून, मात्रा हळूहळू वाढवत देण्याची पद्धत मांडली. त्याच सुमारास इंजेक्शनंही आली. पुढे कित्येक दशकं असे अर्क अमेरिकेत औषध म्हणून विकले जात होते. १९५८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी हे सगळं कसून तपासलं. (याच क्लिगमन यांचं नाव पुढे होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे बदनाम झालं, तो वेगळा आणि काळा अध्याय आहे.) निष्कर्ष असा निघाला: शुद्ध उरुशिऑलची मोठी मात्रा महिनोन्महिने पोटात गेली तर ॲलर्जीची तीव्रता कमी होते, पूर्ण जात जवळपास कधीच नाही, आणि औषध थांबवलं की काही महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम एप्स्टाइन यांनी सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला कॅप्सूल देऊन केलेल्या कामातही साधारण हेच दिसलं. १९८७ मध्ये पॉयझन आयव्हीसाठी तोंडाने द्यायच्या औषधाची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात खरी गोळी कुणाची आणि खोटी कुणाची हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही. तिच्यात खऱ्या गोळीचा फायदा दिसलाच नाही. नव्वदच्या दशकात हे अर्क बाजारातून गेले.

वर दुष्परिणाम. उरुशिऑल पोटात पूर्ण पचत नाही, दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. प्रयोगातल्या लोकांची नेहमीची तक्रार होती गुदद्वाराभोवतीची असह्य खाज. काहींच्या अंगभर पुरळ उठलं. तरी ही मोजूनमापून, शुद्ध करून दिलेली मात्रा होती. रानातल्या पानात किती तेल आहे ते ऋतू, ऊन, पानाचं वय यांवर ठरतं. एक पान म्हणजे किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. घशाला सूज आली तर ती हाताच्या सुजेसारखी कॅलामाइन लावून बसवता येत नाही.

ॲलर्जी असलेल्या माणसाने हे तेल खाल्लं की काय होतं याचे पुरावे चाचण्यांबाहेरही आहेत. कोरियात लॅकरच्या, म्हणजे ज्याच्या चिकापासून चकचकीत रोगण बनतं त्या झाडाची साल घालून कोंबडी शिजवायची जुनी रीत आहे. त्या झाडातही उरुशिऑल असतं, आणि ही कोंबडी खाऊन अंगभर पुरळ घेऊन आलेले रुग्ण तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांना नवे नाहीत. दुसरी हकिगत १९८२ च्या एप्रिलमधली, पेनसिल्व्हेनियातली. मुलांच्या बेसबॉल संघटनेने निधीसाठी काजू विकले. त्या काजूंत टरफलाचे तुकडे राहिले होते. खाल्लेल्यांपैकी ५४ जणांना पॉयझन आयव्हीसारखं पुरळ आलं. काजूच्या टरफलातलं तेल कसं चटका देतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. बिया फोडणाऱ्या बायका हाताला तेल नाहीतर राख लावूनच बसतात. पण त्या अमेरिकनांना भोवला तो काजूच्या तेलाचा नुसता चटका नव्हता. वेलीच्या तेलाची जुनी नोंद त्यांच्या अंगात आधीच होती, आणि काजूचं तेल टी-पेशींना तिचंच भाऊबंद वाटलं.

आता आंब्याकडे येऊ, कारण या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत रस वाटलेला भाग तोच आहे. इस्रायलमध्ये एका आंब्याच्या बागेत अमेरिकेहून आलेले लोक काढणीच्या कामाला होते. त्यांच्यातल्या सतरा जणांना पुरळ उठलं. शेजारीच तेच काम करणाऱ्या इस्रायली लोकांना काही झालं नाही. आंब्याच्या चिकात आणि सालीत उरुशिऑलच्या जवळची द्रव्यं असतात. २००५ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ही हकिगत प्रसिद्ध करताना एक तर्क मांडला. अमेरिकनांच्या शरीराची या तेलाशी पहिली भेट कातडीवर झाली होती, पॉयझन आयव्हीच्या रूपात. इस्रायली लोकांची पहिली भेट लहानपणी आंबा खाताना तोंडावाटे झाली होती. चेसच्या गिनिपिगांसारखीच गोष्ट, फक्त माणसांत आणि कुणी न ठरवता घडलेली.

मग लहानपणापासून हापूस-पायरी-रायवळ चोखत वाढलेल्या मराठी माणसाला अमेरिकेत पॉयझन आयव्ही कमी त्रास देते का? तर्काला धरून आहे, सिद्ध झालेलं नाही. या भरवशावर कुंपणावरची वेल हाताने उपटायला जाऊ नये. आपल्याकडेही आंब्याच्या चिकाने ओठ, गाल भाजणारी मुलं असतातच, आणि बिब्बा उतणारी माणसंही. उलट बाजूने एक गोष्ट मात्र पक्की आहे. ज्याला पॉयझन आयव्हीचा एकदा जोरदार त्रास झाला आहे, त्याला आंब्याच्या सालीने ओठांभोवती पुरळ येऊ शकतं. अशा माणसाने आंबा चोखून खायचा मोह सोडावा. दुसऱ्या कुणाकडून साल काढून घ्यावी, कोय फेकावी आणि फोडी खाव्यात. गराचा सहसा त्रास होत नाही.

इतकं सगळं असूनही 'आमच्या आजोबांनी पान खाल्लं आणि त्यांना कधी काही झालं नाही' असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. साधारण दहा-पंधरा टक्के लोकांना उरुशिऑलची ॲलर्जी दिसतच नाही, पान खाल्लं काय आणि नाही काय. शिवाय वयाबरोबर अनेकांची ॲलर्जी आपोआप मंदावते. ज्याचं तोंड सुजलं तो दुसऱ्या वर्षी खात नाही आणि सांगतही फिरत नाही. जपानमध्ये उरुशिऑल असलेल्या लॅकरचं काम करणारे कारागीर आहेत. शिकाऊपणी त्यांचे हात सुजतात आणि वर्षानुवर्षांच्या कामाने त्यांच्यापैकी अनेकांची ॲलर्जी सौम्य होते. पण तो रोजचा, आयुष्यभराचा संपर्क आहे, वसंतातली दोन-चार पानं नव्हेत.

कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांचं उदाहरण या बाबतीत हटकून दिलं जातं. पोमो लोक पॉयझन ओकच्या रसाने टोपल्यांच्या काड्या काळ्या रंगवत, काही जमाती कोवळं पान गिळत, अशा नोंदी आहेत. त्यांना वेलीचा त्रासच होत नसे, असा अर्थ त्यावरून काढला जातो. पण त्याच लोकांकडे या पुरळावरची औषधंही होती. दवण्याच्या जातीतल्या एका झाडाचा पाला त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. सगळ्यांनाच सवय झाली असती तर औषध कुणासाठी ठेवलं असतं?

शेळीच्या दुधाचा प्रश्न लवकर सुटतो. शेळ्या आणि हरणं ही झुडपं आनंदाने खातात, त्यांना काही होत नाही. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात दुभत्या शेळ्यांना पॉयझन ओक चारून दूध तपासलं गेलं. दुधात उरुशिऑल उतरत नाही असं दिसलं. म्हणजे दूध निर्धास्त प्या, पण पॉयझन आयव्हीच्या सवयीच्या नावाने पिऊ नका. शेळ्यांचा खरा उपयोग रान साफ करण्यासाठी, आणि त्या कामाला तिथे शेळ्यांचे कळप भाड्याने मिळतातही. फक्त चरून आलेल्या शेळीला कुरवाळू नये, तिच्या केसांना तेल लागलेलं असतं.

आपल्याकडे घरोघरच्या होमिओपॅथीच्या पेटीत 'रस टॉक्स' नावाची बाटली असते, सांधे धरले की हटकून काढली जाणारी. ती या वेलीचीच. अमेरिकेत तीच बाटली वेलीपासून बचाव म्हणून विकली जाते. '३० सी' लिहिलेल्या गोळीचं गणित करून पाहा: शंभरपटीने तीस वेळा पातळ केलेलं. साधारण बाराव्या पायरीनंतरच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपते. तिने अपाय होणार नाही आणि टी-पेशींना काही कळणारही नाही. मदर टिंक्चरची, म्हणजे पातळ न केलेल्या मूळ अर्काची गोष्ट निराळी, त्यात खरा चीक असू शकतो.

ज्युएलवीडबद्दलही नेहमी विचारलं जातं. ओढ्याकाठी पॉयझन आयव्हीच्या शेजारीच उगवणारं, नारिंगी फुलांचं, रसाळ देठाचं हे झाड आपल्या गौरीच्या तेरड्याच्या जातीतलं आहे. त्याने सवय होत नाही, पण तेल लागल्या लागल्या देठ ठेचून चोळला तर पुरळ थोडं कमी येतं असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. त्याच अभ्यासात साध्या साबणाने त्याहून चांगलं काम केलं. जंगलात साबण नसेल तेव्हा ठीक.

शास्त्रज्ञांनी 'आतून' उपाय शोधणं सोडलेलं नाही. मिसिसिपी विद्यापीठात महमूद एल्सोहली यांच्या गटाने उरुशिऑलसारख्याच रेणूला पाण्यात विरघळणारं रूप देऊन इंजेक्शन बनवलं आहे, पीडीसी-एपीबी नावाचं. माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या आहेत. तूर्त दुकानात मिळेल असं काही नाही.

तोवर जे हमखास चालतं ते फार कंटाळवाणं आहे. तेल लागल्याचा संशय आला की भांडी घासायच्या साबणाने, फडक्याने खसाखसा घासून, भरपूर पाण्याने धुवायचं. पहिल्या दहा मिनिटांत धुतलं तर बरंचसं तेल निघतं, तासाभराने फारसं हाती लागत नाही. बुटांच्या नाड्या, कात्रीची मूठ, कुत्र्याचे केस, फोन, सगळं धुवायचं, कारण हे तेल वस्तूंवर महिनोन्महिने टिकतं. पातळ लेटेक्सच्या हातमोज्यांतून ते आरपार जातं, जाड व्हिनिलचे मोजे घ्यावेत. फोडातल्या पाण्याने पुरळ पसरत नाही. नवे फोड उशिरा येतात ते तिथे तेल कमी लागलं होतं किंवा कातडी जाड होती म्हणून. आणि तोडलेली वेल कधीही, कशीही जाळू नका. धुरासोबत तेल छातीत जातं आणि मग दवाखान्यात भरती व्हायची वेळ येते.

तोंडावर, डोळ्यांजवळ किंवा जांघेत पुरळ असेल, सूज वाढत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. डॉक्टर स्टेरॉइडच्या गोळ्या देतात तेव्हा दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करत देतात का, एवढं विचारून घ्यावं. पाच-सहा दिवसांचं छोटं पाकीट संपलं की पुरळ पुन्हा उसळी मारून येतं, ही तिथल्या रुग्णांची फार जुनी रड आहे.